‘ग’ची कविता

हर्गेसात नोटा बदलणाऱ्यांच्या रांगेपाशी, जिथे
शिलिंगांच्या विटा रचून माणसं सावलीत डुलक्या घेतात
आणि कोणी एक वीटही उचलत नाही,
तिथे माझी चहाची टपरी.
दोन बाकं. तिसरंही होतं, त्याचा पाय मोडला
वर्सामेच्या एका लांबलेल्या कवितेत.

या शहरातले कवी इथे बसतात.
इथेच का, ते मला विचारू नका.
दूध उंटिणीचं, वेलची सढळ हाताने,
आणि उधारी मी लिहून ठेवते, मागत नाही.
सात वह्या भरल्या.
पुढून पैसे, मागून ओळी:
कागद नसला की गुरेय माझीच वही ओढतो,
स्वतःच्या तीन चहांच्या नोंदीखाली
चंद्राविषयी काहीतरी खरडतो.
चंद्र बरा जमलाय. पैसे अजून आले नाहीत.

आमच्याकडे कवितेला एक अक्षर धरावं लागतं.
धरलं की सोडायचं नाही शेवटच्या ओळीपर्यंत,
ओढाळ शेळीचा कान धरावा तसं.
चुकलात तर बाकावरचे पेले आपटतात.
एकदा अक्षर निसटलं म्हणून गुरेय
आठवडाभर समोरच्या टपरीवर जाऊन बसला.
तिथला चहा म्हणजे शिक्षाच.

इदिल नवी. विद्यापीठात शिकते, फोनवरून वाचते.
वर्सामे म्हणाला, लिहिलेली कविता म्हणजे
गुडघा बांधलेला उंट.
ती म्हणाली, आजोबा, सकाळी तोच सापडतो.
त्या दिवशी तिच्या चहाचे पैसे त्याने दिले, रोख.
तशी नोंद करायला मला आवडलं असतं,
पण रोखीची नोंद मी ठेवत नाही.

गेल्या गुरुवारी, असरच्या नमाजानंतर,
त्याने ती कविता काढली. ‘ग’ची.
आमच्याच धावपट्टीवरून उडालेली विमानं
आमच्याच छपरांवर आली, तेव्हाची.
सीमेपलीकडच्या छावण्यांत ती कॅसेटवर फिरली,
फीत तुटली की चिकटवून, पेन्सिलीने गुंडाळून.
मी नऊ वर्षांची होते. तंबूत अकरा जण,
बॅटरी संपत आली की वर्सामेचा आवाज
म्हाताऱ्यासारखा व्हायचा.
आता तो तसाच आहे.

बाराव्या ओळीनंतर तो थांबला.
वाटलं, दम घेतोय.
मग त्याच्या हातातला पेला
हळूहळू कलंडू लागला.

टॅक्सीवाला लिबान म्हणाला: गुरं गेली गवतामागे.
नोटावाला म्हणाला, छे, गस्तीच्या गाड्या गुरगुरल्या.
इदिलच्या फोनमध्ये दोन्ही होत्या.
भांडण जुंपलं. प्रत्येकाची छावणी वेगळी,
प्रत्येकाच्या कॅसेटची फीत वेगळ्या जागी तुटलेली.
चहावर साय धरली.

मी पेले विसळत होते, एकाच बादलीत, पाणी जपून.
तोंडातून निघून गेलं: गाव गेलं, गळा राहिला.
कोणाला उद्देशून नाही. पेल्याला म्हणाले असेन.

वर्सामेने विचारलं, ही कोणाच्या कॅसेटवर?
म्हटलं, कोणाच्याच नाही.
तो बराच वेळ ती ओळ तोंडात घोळवत राहिला,
खजुराची बी घोळवावी तशी.
म्हणाला, यांतली माझी कुठली, मला ठाऊक नाही.
पण हिच्या ओळीवरून मला पुढे जाता येईल.
आणि गेला. तेराव्यापासून शेवटापर्यंत,
एकही ‘ग’ न सांडता.

टपरी झाकताना इदिलने पेन काढलं.
नाव काय लिहू, तुझं?
म्हटलं, आधी वर्सामेचे सत्तावीस चहा लिही.
ते तिने लिहिले. मग वही उलटी केली.
अंबरो, मी सांगितलं. मग बापाचं नाव,
आजाचं, पणज्याचं, त्याच्याही बापाचं,
आमच्यात असंच सांगतात.
पानावर ओळीपेक्षा नावच लांब झालं.